किल्ली कोणाकडे

पालिकेनं मला नकाशा दिला आणि सांगितलं,
वादळांचा मोसम लागायच्या आत
जाऊन समजावून ये.
नकाशात बेइरा शहर नीट होतं,
बंदर, चर्च, रेल्वेचं यार्ड,
आणि खाजणाच्या अंगाला फिकट निळा रंग.
म्हणजे पाणी. म्हणजे कोणी नाही.

त्या 'कोणी नाही'त
मला बसायला उलटी बादली मिळाली.

मी पोर्तुगीजमध्ये बोललो. पत्रकंही त्यातच होती.
लाल बावटा दिसला की शाळेत जा.
कोरडं खाणं, कागदपत्रं, बॅटरी, शिट्टी.
बायका मान हलवत होत्या,
पाहुण्याचं भाषण आटपावं म्हणून हलवतात तशी.
इनासिया सिमांगो मासे खारवत होती.
हात न थांबवता तिनं न्दाऊत काही विचारलं.
पोरं हसली. मला कोणी सांगेना.
शेवटी अमोस म्हणाला, ती विचारतेय,
शाळेची किल्ली कोणाकडे?

मी कागद चाळले.
किल्लीचा रकाना नव्हता.

किल्ली मुख्याध्यापकांकडे,
मुख्याध्यापक शहराच्या दुसऱ्या टोकाला,
मधे दोन नाले, भरतीला दोन्ही बंद.
इथंच घोडं पेंड खात होतं
आणि हे वस्तीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.
मागच्या वादळात, इनासिया म्हणाली
(आता पोर्तुगीजमध्ये, माझ्याहून बऱ्या),
आम्ही तीनशे माणसं कुलपासमोर उभी होतो.
कुलूप चांगल्या कंपनीचं होतं.
एवढंच बोलली, आणि पुन्हा मिठात हात घातला.

मग दुपारभर मीच शिकत बसलो.
बावटा लागतो पोस्टाच्या इमारतीवर,
इथून दिसते ती इमारतीची पाठ.
भोंगा ऐकू येतो, पण तो रोजच येतो,
गोदीतल्या पाळीचा; कोणी कूसही बदलत नाही.
तोमेला कानच नाहीत. त्याला बायको उठवते.
ती रात्रपाळीला असली तर?
तर शेजारची अल्बिना पत्र्यावर काठी आपटते,
हादरा त्याच्या खाटेपर्यंत जातो.
हे मी कुठल्या रकान्यात लिहू?
"काठीच्या," इनासिया म्हणाली,
आणि चुलीतला कोळसा घेऊन
माझ्या निळ्या रंगावर रेघ ओढली:
जुन्या रुळांचा बांध, पुरुषभर उंच,
पाणी तिथं सगळ्यांत शेवटी चढतं.

ऑक्टोबरात सराव केला.
बकऱ्या सोडून कोणी निघेना.
'जनावरांना प्रवेश नाही' ही ओळ माझीच होती,
मीच खोडली.
इनासियाची सून हळूच म्हणाली,
बायकांच्या संडासाला आतून कडी हवी.
आमच्या साहेबांनी विचारलं,
वादळाचा आणि कडीचा संबंध काय?
ती खाली बघत राहिली.
मला संबंध कळला होता. मी गप्प बसलो.
ते इथं लिहून ठेवतो, अहवालात नाही.
कडी नंतर अमोसनं बसवली.

पालिकेनं तीन किल्ल्या मंजूर केल्या, दिली एक.
दुसरी मी करवून घेतली.
तिसरी कुठून आली, कोणाला विचारलं नाही.
पहिली इनासियाच्या गळ्यात आहे, सुतळीत,
तिला माशांचा वास लागलाय.

नवा नकाशा अजून छापून आलेला नाही.
भिंतीवर जुनाच आहे, निळा,
वर कोळशाची रेघ; साहेब म्हणतात पुसून टाक.

आज सकाळपासून वारा समुद्राकडून फिरलाय.
रेडिओ अजून काही बोललेला नाही.
फोन आला, मागे बकऱ्या ओरडत होत्या.
दार उघडून पाहिलं, इनासिया म्हणाली,
उघडतं.
बिजागरी कुरकुरते पण.
येताना तेल आण.